डब्यातला उपग्रह आणि पंधरा मिनिटे

शीतपेयाचा ३५० मिलिलिटरचा पत्र्याचा डबा तुम्ही पाहिलाच असेल. त्यात बॅटरी, तापमान व दाब मोजणारी साधने आणि छोटासा रेडिओ प्रक्षेपक बसवता येईल का? १९९८ साली हवाई बेटांवर अमेरिकन व जपानी विद्यापीठांची बैठक भरली असता स्टॅनफर्डचे प्रा. रॉबर्ट ट्विग्ज यांनी ही कल्पना मांडली. सप्टेंबर १९९९ मध्ये दोन्ही देशांचे विद्यार्थी आपापली उपकरणे घेऊन नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात जमले.

हौशी मंडळींच्या रॉकेटांनी ती सुमारे ३,६०० मीटर उंचीवर नेऊन हवाईछत्रीने खाली सोडली. सेकंदाला ४ मीटर वेगाने उतरायला किती वेळ लागेल? ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटे. हा आकडा ध्यानात ठेवा. सुमारे ८२० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह १०१ मिनिटांत एक प्रदक्षिणा घालतो. पण अगदी डोक्यावरून गेला तरी या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत आपल्याला १५ मिनिटांच्या आसपासच सापडतो. तेवढ्यात त्याचे बोलणे ऐकून घ्यायचे. डब्याचे उतरणे ही त्या भेटीची रंगीत तालीमच होय!

आपल्या प्रयोगशाळेत गुरुत्वीय त्वरणाचे उत्तर ९.८ यायचे, हे आधीच ठाऊक असते. ते पाहून निरीक्षणे 'सुधारणारे' विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. (मीही एके काळी त्यांतलाच होतो.) वाळवंटातल्या मुलांना ही सोय नव्हती. अभियांत्रिकीत अशा शिक्षणाला प्रकल्पाधारित शिक्षण म्हणतात. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठ तर १९७४ साली स्थापनेपासूनच या पद्धतीने चालत आले आहे.

आता परदेशी भागीदार कशाला हवेत ते पाहू. १९९९ सालीच ट्विग्ज आणि कॅलिफोर्नियातील दुसऱ्या एका विद्यापीठाचे प्रा. होर्दी प्विग-स्वारी यांनी एक माप ठरवले: बाजू १० सेंटिमीटर, वस्तुमान १ किलोग्रॅमच्या आसपास. माप एकच असल्यामुळे कोणत्याही देशातला घन एकाच प्रकारच्या पेटीत बसू लागला आणि मोठ्या उपग्रहाच्या रॉकेटावर कोपऱ्यातली जागा मिळणे सोपे झाले. ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून असे सहा लहान उपग्रह एकदम उडाले. जपानचे २, डेन्मार्कचे २, कॅनडाचा १ व अमेरिकेचा १.

त्यांपैकी कॅनडाच्या आणि डेन्मार्कच्या एका उपग्रहाचा आवाज कधीच ऐकू आला नाही. आल्बोर्गच्या उपग्रहाचे संदेश क्षीण होते आणि बॅटरीने काही महिन्यांतच दगा दिला. टोकियो विद्यापीठाचा मात्र दहा वर्षांहून अधिक काळ बोलत राहिला. वर गेलेली वस्तू उघडून दुरुस्त करता येत नाही. मुक्या उपग्रहात नेमके काय बिघडले, हे जमिनीवर उरलेल्या प्रतिकृतीवरून आणि वह्यांतल्या नोंदींवरून शोधावे लागते. मला विचाराल तर खरे शिक्षण येथेच होते. मात्र त्या विद्यार्थ्यांना त्या रात्री तसे वाटले असेल असे नाही.

भागीदारीचे दुसरे कारण आपली पृथ्वीच आहे. ती गोल आहे! दिवसाच्या १४ फेऱ्यांपैकी बऱ्याचशा एका ठिकाणाहून दिसतच नाहीत. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी बांधलेला सुमारे १० किलोग्रॅमचा 'प्रथम' हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून गेला. वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉनांची संख्या मोजणे हे त्याचे काम. उपग्रहाच्या रेडिओलहरीचे ध्रुवणप्रतल त्या थरातून येताना किती वळते, त्यावरून ती संख्या काढायची. मुंबईबरोबर पॅरिसमध्येही ती लहर झेलण्याची योजना होती.

मुंबई ते पॅरिस अंतर सुमारे ७,००० किलोमीटर. ७०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दोन्ही शहरांना एकाच वेळी दिसेल काय? पृथ्वीची त्रिज्या ६,३७० किलोमीटर धरा, वर्तुळ काढा, उपग्रहापासून त्याला दोन स्पर्शिका काढा आणि स्पर्शबिंदूंमधला कंस मोजा. तो ५,७०० च्या जवळपास येतो का, ते पाहा.