दौऱ्यावरचे कान

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या जागतिक दौऱ्याचा नारळ फुटला. कलाकार, तंत्रज्ञ आणि कित्येक टन सामान एकाच बोइंग ७५७ मधून फिरत होतं आणि ते विमान चालवत होता बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन! पण अशा दौऱ्यातला रोजचा दिवस म्हणजे सामान उतरवा, जोडा, साउंड चेक करा, वाजवा, आवरा आणि पुढचं गाव गाठा. या सगळ्यात सर्वांत जास्त झिजतो तो कान.

आतल्या कानात ध्वनिकंपनं टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल, असं अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था सांगते. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं, आणि मेटलचा कार्यक्रम चालतो दीड-दोन तास. तोही एका रात्रीपुरता नाही, महिनोन्‌महिने. मेटालिका या मेटल बँडचा ड्रमर लार्स उलरिख कानातल्या कायमच्या गुणगुणीबद्दल उघडपणे बोलला आहे.

म्हणूनच अनेक कलाकार इअरफोनसारखे, कानात घट्ट बसणारे मॉनिटर वापरतात. बाहेरचा गोंगाट अडतो आणि स्वतःचं वाद्य कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येतं. मात्र त्यांचा आवाज वाढवत नेला, तर हा फायदा संपतो.

मैफल असो वा मिरवणुकीतला डीजे, खिशात इअरप्लग ठेवा. मुलांच्या कानात तर आधी घाला.