बंदरातील शर्यत

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बॉस्टन हे जुने बंदर आहे. उन्हाळ्यात कचेऱ्या सुटल्यावर तेथील कर्मचारी संघ करून धक्क्यावर जमतात आणि शिडाच्या लहान नौकांची शर्यत लावतात. पाण्यात तरंगणाऱ्या बोयांना वळसा घालून परत यावयाचे, अशी ही शर्यत असते.

शिडाची नौका वाऱ्याच्या अगदी समोर जाऊ शकत नाही. तसे केल्यास शीड नुसते फडफडते व नौका थबकते. म्हणून वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन साधून ती आधी एका बाजूस तिरकी जाते, मग वळून दुसऱ्या बाजूस. अशी नागमोडी वाट काढीत ती पुढील बोया गाठते.

वळताना एक जण सुकाणू फिरवितो, दुसरा एका बाजूचा दोर सोडतो, तिसरा दुसऱ्या बाजूचा दोर ओढतो. एकाचाही हात चुकला, तर वेग हरपतो. सुकाणू कारकुनाच्या हाती असेल, तर अधिकाऱ्यालाही त्याचे ऐकावे लागते.

नौकाशर्यतीचा एक नियम विशेष आहे. नौका बोयाला घासली, तर त्या संघाने आपण होऊन बाजूला व्हावे, एक पूर्ण फेरा घ्यावा आणि मगच पुढे जावे. पुष्कळदा ती चूक पाहणारा पंच जवळ नसतो. फेरा घेताना मागच्या नौका पुढे निघून जातात. हाती आलेला विजय निसटतो. तरीही फेरा घ्यावयाचा असतो. असा संघ हरला, तरी धक्क्यावर ताठ मानेने उतरतो.