‘स्त्री’ या शब्दात अक्षरं किती? ओपन सोर्स ब्राउझरवर काम करणं म्हणजे काय

कॉलेजमधली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: ‘ओपन सोर्स ब्राउझरवर काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? तिथे आपला काय उपयोग?’ आजच्या भागात याचं उत्तर एका मराठी शब्दावरून देतो. शब्द आहे ‘स्त्री’. सांगा बघू, यात अक्षरं किती?

शाळेतली बाई सांगतील, एक. जोडाक्षर आहे, पण अक्षर एकच. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला या शब्दाची लांबी विचारा, उत्तर येतं सहा. कारण आत साठवलेलं असतं ते असं: स, पायमोडं चिन्ह, त, पुन्हा पायमोडं चिन्ह, र आणि दुसरी वेलांटी. आणि मध्यंतरीच्या युनिकोडच्या नियमाने मोजलं तर उत्तर येतं तीन: स्, त् आणि री. जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत आला तो १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये.

‘एवढं काय त्यात?’ असं वाटेल. पण एखाद्या फॉर्ममध्ये नावाला दहाची मर्यादा टाकलीय असं समजा. ‘लक्ष्मीकांत’ आपल्याला चार अक्षरी वाटतं, पण आतून ते अकरा तुकड्यांचं आहे. म्हणजे शेवटचा ‘त’ टाइपच होणार नाही. इथे ब्राउझर चुकत नाही बरं का. एचटीएमएलचा नियमच तसा मोजायला सांगतो. मर्यादा टाकणाऱ्याने मराठी नावांचा विचार केलेला नसतो, इतकंच.

हा कोड कोणाचा?

फोनवर ब्राउझर ढीगभर दिसतात, पण आतली मोठी इंजिनं तीनच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांच्या आत ब्लिंक. सफारीत वेबकिट. फायरफॉक्समध्ये गेको. तिघांचाही कोड उघडा आहे, कोणीही वाचू शकतं.

१९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला, त्यातून मोझिला उभं राहिलं आणि २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स १.० आलं. क्रोमचं मूळही गंमतीदार आहे. केडीई या लिनक्सवाल्या मंडळींचं केएचटीएमएल नावाचं इंजिन होतं. त्यावरून ॲपलने वेबकिट केलं आणि २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून ब्लिंक वेगळं काढलं. म्हणजे तुमच्या खिशातल्या क्रोमचे पणजोबा खुल्या कोडवरच वाढलेले आहेत.

खिळे जुळवणारा आता कोडमध्ये बसतो

गिरगावच्या शेजारी, काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता. देवनागरीचे देखणे खिळे ही त्याची ओळख. छापखान्यातला जुळारी काय करायचा? ‘क्ष’ दिसला की क्षचा खिळा उचलायचा, रफार कुठे बसेल ते बघायचा, वेलांटी आधी की नंतर ते ठरवायचा.

हेच काम आज हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही ती वापरतात. पानावरून येतात नुसते कोड. त्यातून फॉन्टमधला कोणता आकार उचलायचा आणि कुठे ठेवायचा, हे ती ठरवते.

आता मराठीची खरी परीक्षा. गिरगाव चौपाटीसमोर असतो तो दर्या आणि सह्याद्रीत असतात त्या दऱ्या. दुसऱ्या शब्दातला तो आडवा र हिंदीत लागत नाही, आपल्याला रोज लागतो. तो टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात. दुसरीत साधा र, पायमोडं चिन्ह आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात, पण प्रोग्रामने थेट तुलना केली तर ते दोन वेगळे शब्द ठरतात. मग एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने शोधताना सापडेल का? हे कोणीतरी मुद्दाम तपासावं लागतं. आणि तपासणार कोण? ज्याला दर्या आणि दऱ्या यांतला फरक कळतो तोच!

तसंच ‘लालबाग’चं. यात दोन ल आहेत. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांसारखा, हिंदी वळणाचा उभ्या दांड्याचा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला, त्यात ल आणि श यांची मराठी वळणंच धरली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. पण मराठी वळण निवडायचं, तर पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळायला हवं. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी किंवा हिंदी लिहिली असेल, तर बिचारा ब्राउझर हिंदी ल दाखवणार.

मग काम काय असतं?

लोकांना वाटतं, दिवसभर कोड लिहीत बसायचं. प्रत्यक्षात बराच वेळ जातो तो ‘चूक नक्की कोणाची?’ हे शोधण्यात. शिरोरेषा तुटलेली दिसली, तर बऱ्याचदा डिझायनरने अक्षरांमध्ये जादा अंतर टाकलेलं असतं. ल हिंदी दिसला, तर पानाची भाषा चुकलेली किंवा फॉन्टमध्ये मराठी वळणच नाही. पान, फॉन्ट, हार्फबझ, ब्राउझर, या क्रमाने एकेकाला बाजूला करत जायचं.

मग चूक दाखवणारं सर्वांत छोटं पान बनवायचं. हजार ओळींच्या वेबसाइटची लिंक पाठवली तर कोण बघणार? पाच ओळींत तीच चूक दिसली की लगेच लक्ष जातं. फायरफॉक्सच्या चुका बगझिलावर नोंदवतात. चूक पक्की झाली की कोडमधला बदल, म्हणजे पॅच, पाठवायचा. जाणकार तो ओळ न ओळ वाचतात, दुरुस्त्या सांगतात. सोबत टेस्टही द्यावी लागते, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी तेच मोडलं तर लगेच कळतं. वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स नावाचा संच तर सगळी इंजिनं मिळून वापरतात. म्हणजे मराठीची एक टेस्ट त्यात गेली की तिन्ही इंजिनं तिच्यावर तपासता येतात.

पॅच आधी फायरफॉक्सच्या रोजच्या नाइटली आवृत्तीत जातो, मग बीटा, मग सगळ्यांच्या फोनवर. मध्येच काही बिघडलं तर तो सरळ मागे घेतात. मनाला लावून घ्यायचं नाही. तिथे रोजचंच आहे ते.

सुरुवात कशी करायची?

क्रोमियमचा कोड बांधायला डिस्कवर किमान १०० जीबी जागा मागतात. साध्या लॅपटॉपवर जड जाईल. फायरफॉक्समध्ये ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ची सोय आहे. सी प्लस प्लस आणि रस्टमधला जड भाग तयार उतरवून घ्यायचा आणि आपण फक्त जावास्क्रिप्ट किंवा सीएसएसमध्ये बदल करायचा. बगझिलावर नवख्यांसाठी ‘गुड फर्स्ट बग’ अशी खूण केलेली कामंही असतात. कोड येत नसेल तर पाँटूनवर फायरफॉक्सचं मराठी भाषांतर करता येतं, फोनवरूनसुद्धा.

पैशांचं खरं सांगतो. पहिल्या पॅचला कोणी पैसे देत नाही. गूगल समर ऑफ कोड आणि आउटरीची यांतून मानधन मिळतं, पण निवड व्हावी लागते. मात्र तुमचं काम आणि त्यावर झालेली चर्चा सगळी उघड्यावर असते. नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवता येतं.

आता मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: आपला उपयोग काय? सी प्लस प्लस जाणणारे जगात भरपूर आहेत. तुटलेलं जोडाक्षर बघून ज्याच्या डोळ्याला खटकतं, असे त्यांच्यात फार थोडे. आपण नोंदवलं नाही, तर ती चूक कोणाला दिसतही नाही आणि आवृत्तीमागून आवृत्ती तशीच पुढे जाते.

तेव्हा आज एवढंच करा. मोबाइलवर एखादं मराठी पान उघडा, ल आणि श नीट बघा, ‘दऱ्या’ दोन्ही रीतींनी शोधून बघा. काही विचित्र दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि पाच ओळींचं पान बनवायला घ्या. भेटू पुढच्या भागात!