वीणेच्या विवर्धकातील घुमणारा आवाज

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची करतात. तिच्या दांडीवर काळ्या मेणात बसविलेले २४ पडदे असतात. पडद्यांची ही संख्या सतराव्या शतकात, रघुनाथ नायक राजाच्या काळी कायम झाली, असे परंपरा सांगते. पुढे १८५५ पर्यंत तंजावरास भोसले घराण्याचे राज्य होते आणि त्यांच्या दरबारातही संगीताला आश्रय मिळाला. दरबारात जवळ बसून ऐकणाऱ्यांना वीणेचा मूळचा मृदू आवाज पुरेसा होता. मोठ्या सभागृहात मात्र तो मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा वीणेला पिकअप लावून त्यातील क्षीण विद्युत्-कंपने विवर्धकाने वाढवावी लागतात.

असा विवर्धक घरी तयार करणारे हौशी लोक पुष्कळदा गिटारसाठी आखलेली व्हॉल्व्हची जुळणी घेतात. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचनलिका. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूर येथे १९६१ पासून अशा नलिका तयार केल्या. पुढे ट्रान्झिस्टरने त्यांना मागे टाकले, तरी वाद्यांच्या विवर्धकांत त्यांची आवड टिकून आहे. जुळणी पूर्ण होते, व्हॉल्व्ह तापतात, आणि वीणेची तार छेडण्याआधीच कर्ण्यातून घूं असा अखंड आवाज येऊ लागतो.

हा आवाज केवळ त्रासदायक नसतो. तो एक स्वर असतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. आपल्या घरांतील विद्युत्प्रवाह दर सेकंदाला ५० आवर्तने करतो. विवर्धकातील एकदिशकारक त्या प्रवाहाच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून त्यातून निघणाऱ्या प्रवाहात सेकंदाला १०० हेलकावे राहतात. आता वीणेचा षड्ज सेकंदास १६५ कंपनांच्या सुमारास लावला आहे असे समजू. मंद्र षड्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ८२ कंपनांचा होईल. त्याच्याशी १०० कंपनांचा स्वर जवळजवळ कोमल गंधाराचे नाते धरतो. कर्नाटक पद्धतीत यालाच साधारण गांधार म्हणतात. वादक शंकराभरणम् वाजवीत असेल, तर त्या रागाचा गांधार शुद्ध. आणि यंत्र मात्र बैठकभर कोमल गांधार धरून बसलेले!

दोष शोधण्याचे पहिले साधन म्हणूनच कान होय. घुमणाऱ्या आवाजाचा स्वर स्वरमापकाशी ताडून पाहावा. तो १०० कंपनांचा आणि काहीसा कर्कश असेल, तर संशय प्रवाह सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरांवर घ्यावा. या कंडेन्सरांतील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अनुभवाचा नियम आहे. तंजावरच्या उन्हाळ्यात तापलेल्या व्हॉल्व्हशेजारी बसविलेला कंडेन्सर लवकर निकामी झाला, तर त्यात नवल नाही. उलट आवाज ५० कंपनांचा आणि मऊ असेल, तर तो बहुधा व्हॉल्व्हच्या तापतंतूंना ६.३ व्होल्टचा प्रवाह नेणाऱ्या तारांतून येतो. या दोन तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून पत्र्याच्या कोपऱ्यातून न्याव्यात. तसे केले म्हणजे एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीच्या क्षेत्राने बरेचसे खोडले जाते.

दुसरे साधन म्हणजे विवर्धकाचे भाग एकेक करून वगळणे. आवाजाचे बटण शून्यावर आणावे. घुमणे तसेच राहिले, तर दोष बटणाच्या पुढे, म्हणजे शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा वीजपुरवठ्यात आहे. ते थांबले, तर दोष मागे आहे. मग वीणेची तार काढून विवर्धकाचे प्रवेशमुख आखूड जोडाने बंद करावे. आता शांतता झाली, तर दोष पिकअपचा वा त्याच्या तारेचा आहे. झाली नाही, तर पहिल्या व्हॉल्व्हकडे वळावे. ईसीसी ८३ जातीचा व्हॉल्व्ह बदलून पाहणे सर्वांत सोपे, म्हणून ते आधी करावे. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यावर कर्ण्यातून टण् असा आवाज आला, तर व्हॉल्व्हमधील धातूचे भाग सैल झाले आहेत. चुरचुर आणि तडतड यांची कुळी निराळी. त्यामागे जुने कार्बन रोध, मळलेले सॉकेट किंवा ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत ओल धरलेली जुळणी असते. सॉकेट पुसून जुळणी कोरडी केल्यावर पुष्कळदा हा त्रास जातो.

पेटी उघडण्यापूर्वी मात्र एक गोष्ट कटाक्षाने करावी. खटका बंद करून प्लग काढल्यानंतरही मोठ्या कंडेन्सरांत शेकडो व्होल्टची विद्युत् साठून राहू शकते. १० किलोओहमचा, ५ वॅटचा रोध विद्युत्-रोधक मुठीच्या चिमट्यांनी जोडून ती उतरवावी, व्होल्टमापकाने खात्री करावी, आणि मगच आत हात घालावा.

खरा घात याहून सोप्या वाटणाऱ्या उपायात असतो. विवर्धक आणि मंडपातील ध्वनियंत्रणा या दोघांचेही अर्थिंग निरनिराळ्या ठिकाणी झालेले असले, की जमिनीतून आणि जोडतारेच्या जाळीतून एक बंद वलय तयार होते. त्यातून वाहणारा प्रवाह घूं करू लागतो. अशा वेळी कोणीतरी विवर्धकाच्या प्लगमधील अर्थिंगची तार कापतो. घुमणे थांबते, सर्वांना हायसे वाटते, आणि धोका तेथूनच सुरू होतो. वीणेला चुंबकीय पिकअप असेल, तर तिच्या पोलादी तारा बहुधा विवर्धकाच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. रोहित्राचे आवरण फाटले, की तो पत्रा २३० व्होल्टवर जातो. अर्थिंग शाबूत असते तर फ्यूज उडाला असता. आता मात्र वीज तारांवर वाट पाहत राहते. वादकाचा एक हात तारेवर आणि दुसरा धातूच्या मायक्रोफोनवर पडला, की प्रवाह छातीतून जातो. ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाहही प्राण घेऊ शकतो. वेल्समधील स्वान्सी येथे ३ मे १९७२ रोजी स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वे याचा रंगमंचावरच मृत्यू झाला, तो नीट अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागल्यामुळे. रोहित्राविना थेट विजेवर चालणाऱ्या जुन्या रेडिओचा सांगाडा वापरून केलेला विवर्धक तर वाद्याला कधीच जोडू नये; त्याचा पत्रा मुळातच वीजवाहिनीशी जोडलेला असतो.

अर्थिंग न तोडता वलय तोडण्याचा मार्ग आहे. दोन्ही यंत्रांच्या मध्ये, ध्वनीच्या तारेत, एकास एक प्रमाणाचे लहान ध्वनी-रोहित्र बसवावे. त्यातून स्वर चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे जातो. धातूचा धातूशी संबंध राहत नाही. जोडतारेची जाळी एका बाजूस मोकळी ठेवावी. विवर्धकाच्या आतही सर्व भूजोड एकाच ठिकाणी, प्रवेशमुखाजवळ पत्र्याला आणून जोडावेत, म्हणजे पेटीतल्या पेटीत दुसरे वलय तयार होणार नाही. आणि ज्या पाटीवरून वीज घ्यायची, तिच्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी कळ आहे की नाही, हे मैफलीपूर्वी मंडपाच्या वीजतंत्र्याकडून पाहून घ्यावे.