हात राखून

एन्डोस्कोपीच्या खोलीत जिचा हात जराही थरथरत नाही, तीच डॉक्टर कुपोषणाच्या वॉर्डात दुधाच्या वाटीपाशी अडखळते. एमबीबीएस, मग बालरोगातली एमडी, आणि आता मुलांच्या पोटाच्या आजारांची 3 वर्षांची डीएम. अन्ननलिकेत अडकलेलं नाणं चिमट्याने वर काढणं तिला जमू लागलं आहे. ते शिकणं डोळ्यांना दिसतं, त्याचं कौतुकही होतं. उपाशी मुलाला जेवू घालायचं शिक्षण मात्र कुणी बघायला येत नाही.

त्यातला पहिला धडा कमी वाढण्याचा.

समोरचं लेकरू सव्वा वर्षाचं, वजन 6 किलो. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे पट्टीच्या लाल भागात. गाल बसल्यामुळे चेहरा म्हाताऱ्यासारखा. सुरुवातीला किलोमागे दिवसाला 130 मिली, असा हिशेब ती कागदावर मांडते. 6 किलोला 780. दर दोन तासांनी एक, अशा बारा खेपा केल्या की वाट्याला येतात 65 मिली. रात्री दोनला आणि चारलाही. दूध, साखर, तेल, पाणी. 100 मिलीत 75 कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमहूनही कमी.

“येवढंच?” आजी विचारते. “लेकरू उपाशी मारायला आणलंय व्हय इथं?” तिच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा आहे, आणि सिस्टरना तो माहीत आहे. मला आजीचा राग रास्त वाटतो. हात राखून वाढणारीला आपल्याकडे चारचौघी नावं ठेवतात.

उपासमारीत हृदय, यकृत, मूत्रपिंडं सगळी मंदावतात. पेशींतलं फॉस्फेट, पोटॅशियम आटलेलं असतं, तरी रक्ताच्या रिपोर्टात आकडे ठीक दिसू शकतात. अशा वेळी पोटभर दिलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि दुबळं हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी छावण्यांतून सुटलेले काही कैदी जेवायला मिळू लागल्यावर दगावले, तेव्हा डॉक्टरांचं याकडे नीट लक्ष गेलं.

बाकीचेही नियम असेच उलटे. मूल पांढरंफटक असलं तरी लोहाचं औषध लगेच नाही, संसर्ग बळावू शकतो. जुलाब असले तरी शॉक नसेल तर सलाईन नाही. शेजारच्या खाटेवरच्या सुजलेल्या मुलाचं वजन उतरलेलं पाहून ती चरकते. तिच्या वरिष्ठ डॉक्टर मॅडम काही न बोलता त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरतात. कालच्यापेक्षा खळगा उथळ. उतरलं ते पाणी होतं. असं मूल पहिल्यांदा हसलं की तेही केसपेपरवर लिहा, असं मॅडम सांगतात. सुजलेली मुलं फार किरकिरी असतात, त्यांचं हसू म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण.

भूक परतली, सूज ओसरू लागली, की मापं तीच ठेवून दूध बदलतात: आता 100 मिलीत 100 कॅलरी. दोन दिवस नाडी आणि श्वास मोजायचे. दोन्ही ठीक असतील तर दर खेपेला 10 मिली वाढवायचे, मूल वाटीत थोडं उरवेपर्यंत. किती उरलं तेही मापूनच लिहायचं. आजीला हे काम दिल्यापासून बिस्किटांचा विषय निघालेला नाही.