वानरं, सारस आणि यंदाची पुस्तकं

२० मे २०२५ रोजी पुण्यात जयंत नारळीकर गेले. महिना भरायच्या आत, १८ जूनला, सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी दोघांची पुस्तकं पुन्हा काढली आणि एका पुस्तकातून दुसरं निघत गेलं. व्यंकटेश माडगूळकर आले, नंदा खरे आले, वानरांवरचं संशोधन आलं. वाचनालयात कथा-कादंबऱ्यांचं कपाट वेगळं आणि विज्ञानाचं वेगळं असतं. भंडारा जिल्ह्यात राहून वाचणाऱ्याला ही वाटणी पाळणं कठीण जातं, कारण यातल्या कितीतरी पानांखालची जमीन आमची आहे.

नागझिरा आणि नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात मोजले जातात, पण १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडाऱ्याचाच भाग होता. आजही साकोली तालुक्यातल्या पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्यात शिरता येतं. माणदेशातल्या माडगूळचा लेखक या रानात येऊन राहिला आणि त्याने ‘नागझिरा’ लिहिलं. पुढे किरण पुरंदरे चारशे दिवस इथे राहिले, त्यातून ‘सखा नागझिरा’ झालं. दोन्ही पुस्तकं आमच्याकडे लोक आवडीने वाचतात. पण यंदा मला धरून ठेवलं ते माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ने. या छोट्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘सत्तांतर’मध्ये एकही माणूस नायक नाही. गोष्ट वानरांच्या टोळीची आहे. टोळीचा एक हुप्प्या असतो, माद्या असतात, पोरं असतात. बाहेर उंडारणारे तरणे नर असतात. एक दिवस बाहेरचा नर चाल करून येतो, जुना हुप्प्या हरतो, आणि नवा आल्यावर अंगावर पिणारी पोरं मारली जातात. कॉलेजात असताना मी ही कादंबरी राजकारणाचं रूपक म्हणून वाचली होती. नावच तसं सुचवतं. आता वाटतं, तसं वाचण्यात तिचं निम्मं मोल हातून निसटतं. माडगूळकरांनी वानरांना नावं दिली, पण माणसाचं मन दिलं नाही. पोर मेल्यावर त्याचं कलेवर छातीशी धरून हिंडणारी मादी आपल्याला हलवते, कारण लेखक तिच्याबद्दल एक शब्दही जास्तीचा बोलत नाही.

त्या पोरांच्या मृत्यूमागे खरं शास्त्र आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी अभ्यासक कर्नाटकात धारवाडजवळ वानरांच्या टोळ्या पाहत होते. नवा नर टोळीवर आला की दुधावरची पोरं मारली जातात, हे त्यांनी नोंदवलं. पुढे सारा ब्लॅफर हर्डी यांनी राजस्थानात अबूच्या डोंगरावर १९७१ पासून हाच प्रश्न धरला आणि कारण मांडलं. पोर अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. नव्या हुप्प्याची सत्ता मात्र सरासरीने दोन-अडीच वर्षंच टिकते. तेवढ्या मुदतीत स्वतःची पोरं जन्मून जगायला हवीत, तर आधीच्या नराची पोरं त्याच्या वाटेत येतात. अनेक अभ्यासकांना हे पटलं नाही. माणसांच्या गर्दीने वानरं बिथरतात, त्याचा हा परिणाम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद पुष्कळ वर्षं चालला. १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. तिथे पोरांवर हल्ला करणारे नर त्या पोरांचे बाप नव्हते, असं दिसलं आणि हर्डींच्या मांडणीला मोठं बळ मिळालं.

हे वाचून मी ‘सत्तांतर’ परत उघडली. कादंबरी तीच, पण आता माझं लक्ष माद्यांकडे गेलं. हर्डींनी माद्यांना गप्प सोसणाऱ्या मानलं नव्हतं. म्हाताऱ्या माद्या पोरांसाठी नरावर तुटून पडतात, गाभण मादीसुद्धा नव्या नराशी संग करते, आणि त्यामुळे होणारं पोर कुणाचं याचा त्याला अंदाज येत नाही. माडगूळकरांच्या पानांतही या माद्या आहेत. मी त्यांच्यावरून नजर फिरवून हुप्प्यामागे धावत आलो होतो.

हर्डींचं २००९ चं ‘मदर्स अँड अदर्स’ हे पुस्तक मी इंग्रजीतच वाचलं. मराठीत त्याचा अनुवाद व्हावा असं फार वाटतं. वानरांत नुकतं जन्मलेलं पोर आईकडून दुसऱ्या मादीकडे, तिच्याकडून तिसरीकडे जातं. हर्डी तिथून माणसाकडे येतात. आपली पोरं इतकी सावकाश वाढतात की एकट्या आईच्या बळावर माणूसजात टिकलीच नसती. आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारीण यांनी मिळून पोर वाढवणं हाच आपल्या माणूसपणाचा पाया आहे, असा त्यांचा विचार आहे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी चालते. बांधीत वाकलेल्या बायांची पोरं धुऱ्यावर एखाद्या म्हातारीच्या हवाली असतात. हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण त्याला लाखो वर्षांचा इतिहास आहे हे मला या पुस्तकाने सांगितलं.

नंदा खरे असते तर त्यांनी या पुस्तकावर भरभरून लिहिलं असतं. नागपूरचे हे स्थापत्य अभियंते २०२२ मध्ये गेले. ‘कहाणी मानवप्राण्याची’ हे उत्क्रांतीवरचं पुस्तक आणि ‘उद्या’ ही कादंबरी एकाच माणसाने लिहिली, ही मला मराठीतली फार मोठी गोष्ट वाटते. ‘उद्या’ला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. कादंबरीत नजर ठेवणारी यंत्रणा आहे, घटत गेलेल्या मुली आहेत. वाचताना दम लागतो, काही पानं दोनदा वाचावी लागतात, पण भविष्याबद्दलची ती काळजी कुठून येते हे ‘कहाणी’ वाचल्यावर कळतं. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत, आधी ‘कहाणी’.

नारळीकरांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याविषयी यंदा पुष्कळ लिहून झालं आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाने नाव झाकून परीक्षकांपुढे उभं राहावं, याचा मला आजही आदर वाटतो. ‘यक्षांची देणगी’मधल्या कथांतली माणसं कधी कधी फारच सरळ असतात, हे खरं. पण ‘आकाशाशी जडले नाते’ वाचून तलावाच्या पाळीवर रात्री जाऊन उभं राहिलं की त्या सरळपणाचं काही वाटत नाही.

चितमपल्लींशी मात्र वाचक म्हणून माझा जुना झगडा आहे, आणि प्रेमही तितकंच जुनं आहे. वन खात्यातली छत्तीस वर्षं त्यांनी रानात काढली, त्यातला मोलाचा काळ नवेगावबांधला. ‘नवेगावबांधचे दिवस’मधला तलाव, त्याच्या काठचे कोहळी, ढिवर, गोंड, पाणपक्षी हे सगळं आमचं घरचं आहे. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आदिवासींकडून ऐकलेलं आणि संस्कृत ग्रंथांत वाचलेलं ते एकाच सुरात सांगतात. त्यामुळे गोडी येते, पण वाचणाऱ्याला पाहिलेलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं हे स्वतः निवडावं लागतं. सारसाचंच घ्या. जोडीदार मेला की दुसरा झुरून मरतो, असं आमच्याकडे सगळे मानतात. सारसाची जोडी वर्षानुवर्षं टिकते हे अभ्यासकही सांगतात. पण जोडीदार गेल्यावर नवी जोडी जमल्याच्याही नोंदी आहेत. तरीही मी ही समजूत खोडून काढायला धावत नाही. माणसाच्या उंचीचा हा पक्षी धानाच्या बांधीत घरटं करतो, बहुधा दोन अंडी घालतो, आणि नर-मादी दोघं मिळून महिनाभर ती उबवतात. तेवढे दिवस बांधीचा तो कोपरा राखणाऱ्या शेतकऱ्याला बळ देणाऱ्या गोष्टींत ही समजूतही आहे. शास्त्राने तिच्या शेजारी बसावं.

मला न मिळालेल्या पुस्तकांबद्दलही सांगायचं आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचं खनिज कोरड्या बॅटरीसाठी वापरलं जातं. म्हणजे ज्या टॉर्चच्या उजेडात आमच्या पिढीने पुस्तकं वाचली, तिच्यात या जिल्ह्याचा दगड असू शकतो. याच पट्ट्यातल्या मॅंगनीजयुक्त खडकाला फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये गोंडांवरून गोंडाइट हे नाव दिलं. त्या खडकाची कहाणी गोष्टीसारखी सांगणारं मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही.

तलावांचंही तसंच. कोहळ्यांनी बांधलेले, १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेले हे माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव. पाळीसाठी जागा कशी हेरली, वरच्या तलावाचं पाणी खालच्या बोडीत कसं उतरवलं, गाळ कुणी आणि कधी काढायचा, पाण्याची पाळी कशी लावायची, हे सगळं अभियांत्रिकीचं ज्ञान आहे आणि ते अजून काही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ते लिहायला नंदा खऱ्यांसारखा अभियंता हवा आणि माडगूळकरांसारखा कान. साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर या भागातल्या एखाद्या तरुण अभियंत्याने, मुलाने किंवा मुलीने, हे काम अंगावर घ्यावं. कुणी घेतलं, तर पाळीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे त्यांना घेऊन जायला मी तयार आहे. रोवणी आटोपल्यावरचे दिवस त्यासाठी बरे, तेव्हा त्यांना बोलायला सवड असते.