मते तेवढीच, मताधिक्य ६१ टक्क्यांनी कमी

मुरबाडचे आमदार किसन कथोरे यांना २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत १,७४,०६८ मते मिळाली होती. २०२४ मध्ये मिळाली १,७५,५०९. वाढ १,४४१ मतांची, म्हणजे ०.८ टक्के. याच पाच वर्षांत त्यांचे मताधिक्य १,३६,०४० वरून ५२,३९२ वर आले. घट ८३,६४८ मतांची, म्हणजे ६१.५ टक्के.

फरक पडला तो दुसऱ्या क्रमांकाच्या मतांत. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे प्रमोद हिंदुराव यांना ३८,०२८ मते होती. २०२४ मध्ये राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे सुभाष पवार यांनी १,२३,११७ मते घेतली. ही ८५,०८९ मतांची भर, म्हणजे मते सव्वातीन पट झाली. तिच्यातून कथोरेंची १,४४१ वजा केली की मताधिक्यातली घट मतागणिक जुळते. पहिल्या दोघांच्या मतांत कथोरेंचा वाटा २०१९ मध्ये ८२.१ टक्के होता, २०२४ मध्ये ५८.८ टक्के झाला.

निकालाच्या दिवशी मताधिक्याचा आकडाच फलकावर लागतो आणि पुढची पाच वर्षे आमदाराची ताकद म्हणून तोच सांगितला जातो. मुरबाडच्या या दोन निवडणुकांत मात्र त्या आकड्याने आमदाराबद्दल जवळपास काहीच सांगितलेले नाही. त्याने सांगितले ते समोर कोण उभा होता, एवढेच.

मुरबाड मतदारसंघ म्हणजे मुरबाड तालुका, बदलापूर शहर आणि अंबरनाथ-कल्याण तालुक्यांचा काही भाग. मुरबाडला आजही रेल्वे नाही. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे आणि लोकलच्या वेळापत्रकावर जगते. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ होती, २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत वाढ ७७.९ टक्के. त्याच दशकात अंबरनाथ २४.४ टक्क्यांनी वाढून २,५३,४७५ वर गेले आणि उल्हासनगर ६.८ टक्क्यांनी वाढून ५,०६,०९८ वर. उल्हासनगरला वाढायला जागाच नाही. महापालिकेचे क्षेत्र सुमारे १३ चौरस किलोमीटर आहे. या पट्ट्यात नवा मतदार येतो तो मुख्यतः बदलापुरात, म्हणजे कथोरेंच्या यादीत. हे लक्षात घेतले की ०.८ टक्के वाढीचा अर्थ बदलतो. यादी वाढत असताना मते जागेवर राहिली, तर मतदारसंघातला वाटा घटतो.

कथोरे ठाणे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते. २००४ मध्ये ते राष्ट्रवादीच्या तिकिटावर अंबरनाथमधून विधानसभेत गेले. त्याआधी १९९० पासून सलग तीन वेळा ही जागा शिवसेनेचे साबीर शेख यांच्याकडे होती. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि २००९ मध्ये कथोरे मुरबाडला आले. तीही निवडणूक राष्ट्रवादीकडून. २०१४, २०१९ आणि २०२४ भाजपकडून. सलग पाच विजय, दोन मतदारसंघ, दोन पक्ष.

२०१४ ची निवडणूक नीट पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी युती तुटली, आघाडीही तुटली आणि चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले. कथोरेंना ८५,५४३ मते पडली. शिवसेनेचे बदलापूरचे नेते वामन म्हात्रे यांना ५९,३१३, तर राष्ट्रवादीकडून उभे असलेले माजी आमदार गोटीराम पवार यांना ५३,४९६. मताधिक्य २६,२३० दिसले, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची बेरीज १,१२,८०९ होती, म्हणजे विजेत्यापेक्षा २७,२६६ ने जास्त. विरोधी मते दोन ठिकाणी विभागली गेली, म्हणून ही जागा आली.

२०१९ मध्ये युती झाली आणि म्हात्रेंची मते कथोरेंच्या बाजूने मोजली जाणार होती. २०१४ च्या भाजप आणि शिवसेनेच्या मतांची बेरीज १,४४,८५६ येते. कथोरेंना प्रत्यक्षात त्याहून २९,२१२ मते जास्त पडली, म्हणजे २०.२ टक्के अधिक. १,३६,०४० हे मताधिक्य त्या वर्षी २८८ मतदारसंघांत तिसरे होते. पुढे फक्त बारामती (१,६५,२६५) आणि पलूस-कडेगाव (१,६२,५२१).

आता २०१९ बाजूला ठेवून २०१४ आणि २०२४ शेजारी ठेवावेत. सुभाष पवार हे गोटीराम पवार यांचे चिरंजीव, जिल्हा परिषदेचे माजी उपाध्यक्ष. शिंदेंची शिवसेना सोडून ते निवडणुकीच्या तोंडावर शरद पवारांच्या पक्षात गेले. त्यांची १,२३,११७ मते २०१४ च्या म्हात्रे आणि पवार यांच्या एकत्रित मतांपेक्षा १०,३०८ ने जास्त आहेत. कथोरेंना विरोध करणारा लाखा-सव्वालाखाचा गठ्ठा मतदारसंघात २०१४ मध्येही होता आणि २०२४ मध्येही. मतदार तेच असतील असे नाही, पण माप तेच आहे. अपवाद ठरते ते २०१९ साल, जेव्हा दुसऱ्या क्रमांकाकडे त्याचा तिसरा हिस्साच आला. २०२४ मध्ये कथोरेंचा गड ढासळला म्हणणाऱ्यांनी २०१९ ला पाया धरले; २०१४ धरले तर त्यांची मते ८९,९६६ ने, म्हणजे १०५ टक्क्यांनी वाढलेली दिसतात. मला दुसरी तुलना जास्त प्रामाणिक वाटते. २०१९ मध्ये त्यांच्यासमोर तुल्यबळ उमेदवारच नव्हता.

२०२४ च्या मे महिन्यात याच मतदारांनी भिवंडी लोकसभेसाठीही मतदान केले होते. तिथे भाजपचे केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील ४,३३,३४३ मते घेऊन राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाच्या सुरेश म्हात्रे यांच्याकडून ६६,१२१ मतांनी पडले. अपक्ष नीलेश सांबरे यांनी २,३१,४१७ मते घेतली, म्हणजे पराभवाच्या फरकाच्या साडेतीन पट. पाटील आणि कथोरे यांच्यातली तेढ या निकालानंतर उघडपणे बोलली गेली. त्यानंतर २० ऑगस्टला बदलापुरात शाळेतल्या दोन लहान मुलींवरील अत्याचाराच्या निषेधार्थ लोक रुळांवर उतरले आणि सुमारे दहा तास रेल्वे बंद राहिली. तीन महिन्यांनी मतदान झाले. या संतापाचा निकालातला वाटा मतदारसंघाच्या एकूण बेरजेतून काढता येत नाही आणि कोणी तो काढून दाखवला तर विश्वास ठेवू नये. १,४४१ ही निव्वळ वाढ आहे. तिच्या पोटात किती हजार मते गेली आणि किती हजार आली, हे केंद्रनिहाय आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही.

शेजारच्या अंबरनाथमध्ये चित्र उलटे आहे. शिवसेनेचे डॉ. बालाजी किणीकर २००९ पासून सलग चार वेळा निवडून आले. २०१४ मध्ये त्यांना ४७,००० मते होती, भाजपचे राजेश वानखेडे यांना ४४,९५९. फरक २,०४१. दोन्ही पक्षांची बेरीज ९१,९५९. २०१९ मध्ये युती झाल्यावर किणीकरांना मिळाली ६०,०८३. म्हणजे ज्या युतीने मुरबाडमध्ये बेरजेवर २० टक्के चढवले, तिने अंबरनाथमध्ये ३१,८७६ मते, म्हणजे ३४.७ टक्के गमावली. तरीही मताधिक्य २,०४१ वरून २९,२९४ वर गेले, कारण काँग्रेसचे रोहित साळवे ३०,७८९ वर थांबले. मताधिक्य चौदा पट झाले आणि युतीची एक तृतीयांशाहून जास्त मते नाहीशी झाली, दोन्ही एकाच निकालात.

२०२४ मध्ये किणीकरांसमोर पुन्हा वानखेडे होते, या वेळी ठाकरेंच्या शिवसेनेचे उमेदवार म्हणून. किणीकर १,११,३६८, वानखेडे ५९,९९३, फरक ५१,३७५. दहा वर्षांत त्याच दोघांच्या लढतीत वानखेडेंची मते ३३.४ टक्क्यांनी वाढली, किणीकरांची १३७ टक्क्यांनी. इथेही एक बारकावा आहे. २०१९ च्या तुलनेत किणीकरांचे मताधिक्य ७५.४ टक्क्यांनी वाढले, पण पहिल्या दोघांच्या मतांतला त्यांचा वाटा ६६.१ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर आला. मताधिक्य वाढले ते पकड घट्ट झाल्यामुळे नाही, दोघांची मिळून मते ९०,८७२ वरून १,७१,३६१ झाल्यामुळे.

उल्हासनगरमध्ये २०१४ आणि २०१९ या दोन निवडणुका जवळजवळ एकच आहेत. २०१४: राष्ट्रवादीच्या ज्योती कलानी ४३,७६०, भाजपचे कुमार आयलानी ४१,८९७, फरक १,८६३. २०१९: आयलानी ४३,६६६, ज्योती कलानी ४१,६६२, फरक २,००४. दोघांच्या मतांची बेरीज पाच वर्षांत फक्त ३२९ ने कमी झाली. निकाल उलटला तो आयलानींची १,७६९ मते वाढल्याने आणि कलानींची २,०९८ घटल्याने. एका मतदान केंद्राच्या यादीत साधारण हजार-बाराशे नावे असतात. २,००४ म्हणजे जेमतेम दोन केंद्रांची यादी. इथे युतीचा हिशेब आणखी वेगळा निघतो: शिवसेना सोबत आल्यावर आयलानींची मते फक्त ४.२ टक्क्यांनी वाढली.

२०२४ मध्ये हा ताळा मोडला. आयलानींना ८२,२३१ मते, म्हणजे ८८.३ टक्के वाढ. २०२१ मध्ये ज्योती कलानींचे निधन झाले होते. त्यांचे चिरंजीव ओमी कलानी राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाकडून उभे राहिले आणि ५१,४७७ मतांवर थांबले. आईपेक्षा ही मते ९,८१५ ने जास्त आहेत. २०१४ मध्ये ज्योती कलानी ज्या आकड्याने जिंकल्या, त्यापेक्षा ७,७१७ मते जास्त घेऊन ओमी ३०,७५४ ने हरले. कलानींची मते कमी झालेली नाहीत. समोरची वाढली.

तीन जागा एकत्र केल्या तर आणखी एक विसंगती दिसते. २०२४ हे राज्यात महायुतीच्या २३० जागांचे वर्ष. या तीन मतदारसंघांत विजेत्यांची एकूण मते २,७७,८१७ वरून ३,६९,१०८ झाली, वाढ ३२.९ टक्के. दुसऱ्या क्रमांकाची मते १,१०,४७९ वरून २,३४,५८७ झाली, वाढ ११२.३ टक्के. लाटेच्या वर्षी तीन मताधिक्यांची बेरीज १,६७,३३८ वरून १,३४,५२१ वर उतरली. विजेत्यांना मिळालेल्या ९१,२९१ जादा मतांत कथोरेंचा वाटा १.६ टक्के. तीन मताधिक्यांच्या बेरजेत २०१९ मध्ये मुरबाड एकटा ८१.३ टक्के होता, २०२४ मध्ये ३८.९ टक्के. अंबरनाथ आणि मुरबाड यांच्या मताधिक्यात आता १,०१७ मतांचेच अंतर आहे.

२०१९ आणि २०२४ ची तुलना करताना एक गोष्ट सहसा मोजली जात नाही. २०१९ मध्ये कुळगाव-बदलापूर पालिकेत ४७ जागांचे सभागृह होते. २०१५ च्या निवडणुकीत त्यात शिवसेनेचे २४ आणि भाजपचे २० नगरसेवक निवडून आले होते. अंबरनाथमध्ये ५७ जागा होत्या, उल्हासनगर महापालिकेत ७८. एकूण १८२. विधानसभेच्या प्रचारात घरोघरी स्लिपा वाटण्यापासून मतदानाच्या दिवशी सोसायटीतून माणसे बाहेर काढण्यापर्यंतचे काम या १८२ जणांच्या जाळ्यावर चालत असे, आणि उमेदवाराला दगा द्यायचा तर तोही इथूनच दिला जात असे. २०२० मध्ये दोन्ही पालिकांची आणि २०२२ मध्ये उल्हासनगर महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले तेव्हा २०११ च्या जनगणनेप्रमाणे ९,३३,७९९ लोकसंख्येच्या या तीन शहरांत एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, रस्ता खणून ठेवला, अशा तक्रारी घेऊन जायला लोकांनी निवडून दिलेला जवळचा माणूस उरला होता तो आमदारच. हे बदलापूर आणि अंबरनाथच्या लोकांवर मतदानापर्यंत साडेचार वर्षे, उल्हासनगरच्या लोकांवर अडीच वर्षे लादले गेले आणि त्याची दखल एकाही निकालपत्रात नाही. कथोरेंची १,७५,५०९, किणीकरांची १,११,३६८ आणि आयलानींची ८२,२३१ मते या परिस्थितीत पडलेली आहेत. सुभाष पवारांची १,२३,११७ सुद्धा.